अंगठा जुळत नाही!

२००९ साल. लाइप्झिगमध्ये त्या वर्षी मार्च अर्धा उलटला तरी बागेतली माती कुदळीला दाद देत नव्हती, आणि गेरलिंडे पोलर्स कुणालाच दाद देत नव्हती. पैकी दुसरी गोष्ट बारमाही होती.

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" हे तिचं आवडतं वाक्य. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. बाजारात जाताना ती पिशवीत स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन घेऊन जायची. भाजीवाल्यानं तिला लांबून पाहिलं की तो तराजू पुसायला घ्यायचा. बेकरीतला माणूस "आजचाच पाव आहे" म्हणाला की ती पाव कानाशी धरून दाबायची आणि पाव काय म्हणतो ते ऐकायची. डॉक्टरनं रक्तदाब सांगितला की घरी येऊन आपल्या यंत्रावर पडताळायचा, आणि मग आपलं यंत्र शेजारणीच्या यंत्राशी पडताळायचं!

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. तीस वर्षं तिनं सरकारी संगणक केंद्रात छिद्रांची कार्डं तपासली होती. तिथं एक छिद्र इकडचं तिकडे झालं की एका गावाला दोनदा कोळसा जायचा आणि दुसरं गाव हिवाळाभर कुडकुडायचं. शिवाय पूर्व जर्मनीच्या ज्या राजवटीत आमची पिढी वाढली, तिथं फोन उचलला की आधी तिसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येतोय का ते बघायचं आणि मगच "हॅलो" म्हणायचं. तेव्हा संशय हा गेरलिंडेचा स्वभाव नव्हता, तिचं शिक्षण होतं.

एवढ्या सगळ्या अविश्वासात तिची एकच हळवी जागा होती. आमचा बागसंघ सभासदांना बाग करायला जमिनीचे तुकडे देतो, त्यातला सतरा नंबरचा तुकडा. तिथं एक आंबट चेरीचं झाड होतं. १९८१ साली तिच्या नवऱ्यानं, लोथारनं, लावलेलं. लोथार गेला त्या वर्षी तिला ते झाड बघवेना, म्हणून तिनं तुकडा संघाला परत केला. तीन वर्षांनी तिला झाड न बघता राहवेना, म्हणून तिनं परत नाव नोंदवलं. पण संघाचा नियम म्हणजे नियम! तुकडा दुसऱ्याला दिलेला. तो सोडील तेव्हा सोडत निघणार, आणि सोडतीत नाव निघेल त्याचा तुकडा. गेरलिंडे आठ वर्षं थांबली. कुंपणाबाहेरून चेरीकडे बघत, हात मागे बांधून.

त्या मार्चमध्ये सतरा नंबर रिकामा झाला.

आमच्या संघात सोडत चिठ्ठ्या टाकून निघत नसे. त्यासाठी 'मुळा' होता. मुळा हा एक प्रोग्राम, आमच्याच एकेहार्टनं चार मित्रांबरोबर लिहिलेला. एकेहार्ट म्हणजे ट्राम कारखान्यातला निवृत्त वायरमन. लोथारचा जिवलग, त्याच्या शवपेटीला खांदा दिलेला. मुळा हा मुक्त प्रोग्राम होता, म्हणजे त्याचं मूळ लिखाण ओळ न् ओळ इंटरनेटवर उघडं. कुणीही वाचावं, कुणीही चूक काढावी. पण लिखाण म्हणजे झाली नुसती पाककृती. संगणकाला कृती वाढून चालत नाही, त्याला शिजलेलं लागतं. ती शिजवलेली तयार फाईल एकेहार्ट आपल्या घरी बनवून ठेवायचा आणि सगळे तीच उतरवून घ्यायचे. कृती उघडी आहे एवढ्यावर सगळे खूश. ताटातलं सूप त्याच कृतीचं आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं.

अजून!

मार्चचा तिसरा रविवार. संघाच्या खोलीत सभा. कॉफी, केक, आणि खुर्चीत अध्यक्ष क्लेमसाहेब. हे गृहस्थ कुंपणाची उंची मोजायला स्वतःची फूटपट्टी घेऊन फिरायचे आणि स्वतःच्या बायकोलाही त्यांनी दोनदा नोटीस काढली होती.

आत शिरता शिरता एकेहार्ट गेरलिंडेच्या कानाशी लागला. "बघ हं, नक्की तुलाच मिळणार!"

"आधी निघू दे नाव," ती म्हणाली. पण कॉफीत तिनं चक्क दोन चमचे साखर घातली.

सोडतीची पद्धत अशी: क्लेमसाहेबांकडची नावांची यादी मुळ्याला द्यायची, वर शनिवारच्या सरकारी लॉटरीचे सहा आकडे द्यायचे. ते आकडे आधी कुणालाच ठाऊक नसतात, म्हणजे आधीपासून काही शिजवून ठेवायला वाव नाही. मुळा त्यातून एक नाव काढणार. फोल्कमार नावाच्या आमच्या टेलिफोन मेकॅनिकनं प्रोजेक्टर लावला. भिंतीवर पहिली ओळ उमटली:

*एकेहार्ट / मुळा / सोडत, ओळ २१२ : नाव कोरं आहे, पुढे जातो.*

"हे काय?" क्लेमसाहेब दचकले. "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

एकेहार्टनं तोंड उघडलं, पण गेरलिंडे आधीच उभी राहिली होती! "काही नाही साहेब. यादीत एका माणसानं नाव मागे घेतलंय, ती ओळ कोरी आहे, म्हणून सूचना आली. आणि आधीचं ते फोल्डरचं नाव. तयार फाईल ज्या फोल्डरमध्ये बनवली, त्याचं नाव तिच्या पोटात कायमचं राहतं. नवीन भांड्यावर नाव घालून घेतो ना आपण, तसं. भांडं कुणाच्याही घरी गेलं तरी कळतं, कुणाचं ते."

"वा!" क्लेमसाहेब म्हणाले. "फ्राऊ पोलर्सना सगळं ठाऊक!"

गेरलिंडे बसली. चेहरा असा, जणू संगणकाचा शोध तिनंच लावलाय. हे तिचं भाषण आठवणीत ठेवा. सभेत सगळ्यांनी ठेवलं होतं.

मग भिंतीवर नाव आलं: आनेग्रेट.

आनेग्रेट म्हणजे एकेहार्टची मेहुणी! यादीत नाव घालून तिला आठ महिने झाले होते. गेरलिंडेला आठ वर्षं! आनेग्रेट टाळ्या पिटत उठली आणि हसत हसत बोलून गेली, "एकेहार्ट म्हणालाच होता, नक्की तुलाच मिळणार!"

गेरलिंडेच्या हातातला केकचा काटा हवेतच थांबला. बायका घरात वास आला की गॅस बंद आहे का बघतात, तसं तिचं मन मागं मागं जाऊन एकेक खटका तपासायला लागलं. शुक्रवार! शुक्रवारी तिनं एकेहार्टला मोटारीच्या टपावर कोरी करकरीत शिडी बांधताना पाहिलं होतं. साधी नव्हे, चेरी काढायची, तीन पायांची! ह्या माणसाच्या स्वतःच्या बागेत गुडघ्यापेक्षा उंच काय आहे? कोबी! कोबीला कुणी शिडी लावतं?

म्हणजे निकाल त्याला शुक्रवारी ठाऊक होता. लॉटरीचे आकडे निघाले शनिवारी.

"मेल्या," ती पुटपुटली, "सुपात काहीतरी आहे."

हरकत घ्यायला चौदा दिवस होते. सोमवारी सकाळीच गेरलिंडेनं मुळ्याचं सगळं लिखाण छापून काढलं. अकराशे ओळी. पट्टी ठेवून, लाल पेन्सिल घेऊन तीन दिवस वाचल्या. लिखाण निर्मळ! न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखं! एक ओळ वाकडी नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चला, बरं झालं. गेरलिंडेला उलट घाम फुटला. कृतीत विष नाही, म्हणजे ते शिजवताना घातलंय!

आता एकच उपाय. त्याच कृतीवरून स्वतः फाईल बनवायची आणि एकेहार्टच्या फाईलशी ताडून बघायची. तिनं संगणकावर नवीन फोल्डर केला, संतापाच्या भरात बोटांना सुचलं ते नाव त्याला दिलं, आणि कामाला लागली.

ताडून बघायची सोय अशी असते: कुठल्याही फाईलचा एक ठसा काढता येतो, चौसष्ट अक्षरा-आकड्यांचा. आमच्यात त्याला अंगठा म्हणतात. दोन फाईली हुबेहूब असतील तर अंगठा तोच. एका स्वल्पविरामाचा जरी फरक असला तरी अख्खा अंगठा वेगळा. किती फरक आहे ते अंगठा सांगत नाही. आहे, एवढंच सांगतो.

एकेहार्टचा अंगठा सातानं सुरू होत होता. तिचा नवानं.

तिनं परत फाईल बनवली. नऊ. तिसऱ्यांदा बनवली. नऊ! "माझा अंगठा माझ्याशी तिन्ही वेळा जुळतो," तिनं मांजराला सांगितलं, "फक्त त्याच्याशी जुळत नाही!" मांजरानं पाठ फिरवली. त्याच्यावरही तिचा फारसा विश्वास नव्हता.

तिनं फोल्कमारला फोन लावला.

"अहो गेरलिंडे," फोल्कमार सावकाश म्हणाला, "तुम्ही कृती वाचलीत, मान्य. पण कृतीवरून फाईल बनवणारा जो कंपायलर, तो तुम्ही कुठून आणलात?"

"तयार उतरवून घेतला."

"तयार!" फोल्कमार म्हणाला. आणि त्यानं फोन ठेवला. काही माणसांना आग लावायला काडी लागत नाही.

तिनं कंपायलर घरी बनवायला घेतला. सकाळी सातला लावला तो दुपारी दोनपर्यंत संगणक विमानासारखा घोंघावत होता. वरच्या मजल्यावरची बाई दोनदा खाली येऊन विचारून गेली, गिरणी घातलीत का म्हणून. त्या घरच्या कंपायलरनं मुळा परत बनवला. अंगठा? नऊ! तिच्या बाजूनं सगळं चोख होतं. मग तिच्या मनात आलं, हा कंपायलर बनवायला जो आधीचा कंपायलर वापरला, तो कुणी बनवला? आणि त्याच्या आधीचा? पिठाचा संशय म्हणून गिरणीवर जावं, गिरणीचा संशय म्हणून जात्याच्या दगडाकडे, आणि दगडाचा संशय म्हणून थेट डोंगराला जाब विचारावा, तशी गत! डोंगरापर्यंत जायला चौदा दिवस पुरणार नव्हते. तिनं हरकतीचा अर्ज लिहिला आणि क्लेमसाहेबांच्या हातात दिला. पोचपावती घेतली. पोचपावतीची प्रतही घेतली.

"साधा उपाय आहे," ती म्हणाली. "यादी द्या मला. माझ्या फाईलनं सोडत काढून बघते."

"यादी?" क्लेमसाहेबांनी कपाटाला पाठ लावली. "त्यात लोकांच्या जन्मतारखा आहेत! व्यक्तिगत माहिती! सभेशिवाय हे कपाट उघडणार नाही."

"माझीच जन्मतारीख आहे त्यात!"

"ती तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या नकोत."

शेवटी एप्रिलमध्ये विशेष सभा ठरली. तीच यादी, तेच सहा आकडे, फाईल मात्र गेरलिंडेची.

त्याआधीचा गुरुवार. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मुक्त प्रोग्रामवाली मंडळी एका बिअरच्या दुकानातल्या मागच्या खोलीत जमायची. तिथली एक रीत होती: एकमेकांच्या फाईलींवर भरवसा ठेवायचा तर आधी एकमेकांचं सरकारी ओळखपत्र बघायचं, आणि मग त्या माणसाच्या नावापुढे आपली सही द्यायची. वीस वर्षांची ओळख असली तरी! मंडळी ते हसतखेळत उरकायची. त्या दिवशी एकेहार्ट आत आला, गेरलिंडेसमोर बसला आणि म्हणाला, "अगं, क्लेमनं सांगितलं मला. वेडी आहेस का? अंगठा जुळणारच नाही, कारण फोल्..."

"ओळखपत्र!"

"काय?"

"आधी ओळखपत्र दाखव. मग बोल."

"गेरलिंडे, लोथारच्या साठीला तुझ्या घरी मी बटाट्याची कोशिंबीर..."

"कोशिंबिरीवर फोटो नसतो."

एकेहार्टनं मुकाट्यानं पाकीट काढलं. गेरलिंडेनं ओळखपत्र दिव्याखाली धरलं, मागून बघितलं, पुढून बघितलं, आणि तिचे डोळे मांजराला उंदीर दिसावा तसे चमकले.

"मुदत संपलीय! चार मार्चला!"

"अगं, नवीन करायला टाकलंय..."

"चार मार्चपासून मी तुला ओळखत नाही," ती म्हणाली. "आणि सोडत पंधराला निघाली. म्हणजे सोडतीच्या दिवशी तू कोण होतास, ह्याला पुरावा नाही!"

खोली हसली. एकेहार्ट मात्र हसला नाही. पाकीट खिशात घातलं, बिअरचा पेला अर्धा तसाच टाकून उठला. दारात थांबून त्यानं एकदा वळून पाहिलं. "ठीक आहे. तुझीच फाईल लाव रविवारी. पण त्याआधी एकदा..."

"मला शिकवू नकोस!"

तो गेला. बिचाऱ्यानं दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता.

विशेष सभेला अख्खा संघ लोटला. एरवी सभेला येत नाहीत ते लोकही केक घेऊन आले होते. गेरलिंडेनं निळा सूट घातला होता, लोथारनं घेतलेला. क्लेमसाहेबांनी यादीच्या पाकिटाचं सील सगळ्यांना दाखवून फोडलं. गेरलिंडेनं पेनड्राइव्ह गळ्यातल्या साखळीतून काढला. तीन आठवडे तो तिथंच होता, अंघोळीतसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"बंधुभगिनींनो," ती म्हणाली, "ही फाईल मी माझ्या हातानं, माझ्या घरी, माझ्या कंपायलरनं बनवलीय. हिच्या पोटात काय आहे, ते मला अक्षर न् अक्षर ठाऊक आहे!"

फोल्कमारनं आकडे घातले. बटण दाबलं. भिंतीवर, वीतभर उंचीच्या अक्षरांत, पहिली ओळ उमटली:

*गेरलिंडे / भामटा-एकेहार्ट / सोडत, ओळ २१२ : नाव कोरं आहे, पुढे जातो.*

केक चावायचा आवाजही थांबला.

क्लेमसाहेबांनी चष्मा पुसला, परत घातला. "भामटा, एकेहार्ट," त्यांनी इतिवृत्ताच्या सरकारी आवाजात वाचलं. "मध्ये जोडरेघ आहे. फ्राऊ पोलर्स, हे... हे ते भांड्यावरचं नाव ना? तुम्हीच मागच्या सभेत सांगितलंत. फाईल जिथं बनवली, त्या फोल्डरचं नाव तिच्या पोटात कायमचं..."

"राहतं," आनेग्रेट म्हणाली.

"भांडं कुणाच्याही घरी गेलं तरी कळतं," मागून कुणीतरी म्हणालं. सभेची स्मरणशक्ती वाईट असते, असं कोण म्हणतं?

गेरलिंडे लाल झाली, मग पांढरी झाली. आणि तशा अवस्थेतही तिचं संगणक केंद्रातलं डोकं चाललं. एकेहार्टच्या फोल्डरचं नाव 'मुळा'. तिच्या फोल्डरचं नाव भलतंच. बाकी सगळ्या अकराशे ओळी त्याच. म्हणजे अंगठा जुळत नव्हता तो फक्त ह्यामुळे. विष होतं खरं, पण ते तिच्या फाईलीत होतं, आणि तिनंच घातलं होतं! "अंगठा जुळणारच नाही, कारण फोल्..." फोल्डर! तो फोल्डर म्हणत होता!

तेवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली. सोडतीचं नाव.

आनेग्रेट.

तीच यादी, तेच आकडे, तेच नाव. दोन वेगळ्या चुलींवर शिजलं तरी सूप एकच.

सगळी सभा आता एकेहार्टकडे बघत होती. तो उठला, बाहेर गेला. गेरलिंडेला वाटलं, गेला. कायमचा. तर तो परत आला, खांद्यावर ती तीन पायांची शिडी घेऊन! दारातून ती आत येईना, तिघांनी तिरकी करून घेतली. वरच्या पायरीला एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता, मार्चपासून पावसात भिजून अक्षरं फुटलेली: *गेरलिंडेला. लोथारच्या झाडासाठी.*

"मला नक्की वाटत होतं तुलाच मिळणार," तो म्हणाला. "म्हणून आधीच घेऊन ठेवली."

"पण तू आनेग्रेटलाही नक्की म्हणालास!"

"मी सगळ्यांनाच म्हणतो गं! तेवीस जणांना म्हणालो होतो. माणसाला बरं वाटतं."

"मलाही म्हणाला होता," क्लेमसाहेब म्हणाले, "आणि माझं नाव यादीत नव्हतं."

गेरलिंडे पुढे आली. तिनं शिडीच्या एका पायरीवर हात ठेवला, आणि सवयीनं जरा हलवून बघितली. मजबूत आहे का ते!

ह्या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. क्लेमसाहेब वारले. त्यांच्या हातचं त्या सभेचं इतिवृत्त अजून कपाटात आहे, 'भामटा-एकेहार्ट' जोडरेघेसकट, पुढच्या सभेत वाचून एकमतानं मंजूर केलेलं. फोल्कमारनं तेव्हापासून आपल्या सगळ्या फोल्डरांची नावं 'सज्जन मंडळी' अशी ठेवली. सज्जन मंडळी एक, सज्जन मंडळी दोन, अशी पुढं शंभराच्या वर गेली आणि कशात काय आहे ते त्याला सापडेनासं झालं. आनेग्रेटनं सतरा नंबर ठेवला, पण उंचीवर तिला चक्कर यायची. म्हणून दर जुलैत चेरी काढायला शिडी घेऊन गेरलिंडे जायची. निम्मी चेरी तिची, निम्मी आनेग्रेटची. वाटणी अर्थातच अर्ध्या किलोच्या त्या वजनानं!

एकेहार्टनं मुळा दुरुस्त केला. आता फाईल कुणीही, कुठल्याही फोल्डरमध्ये बनवा, नाव पोटात राहत नाही, अंगठा सगळ्यांचा एकच येतो. शहाणी माणसं म्हणतात, खरा भरवसा तो हाच. बदलांच्या यादीत त्यानं एक ओळ घातली, ती आजही जगभर दिसते: *बांधणीच्या फोल्डरचं नाव काढून टाकलं. ही गरज लक्षात आणून दिल्याबद्दल गेरलिंडे पोलर्स यांचे आभार.*

पहिल्या जुलैत ती जॅमची बरणी घेऊन त्याच्या दारात गेली. बरणीवर तिच्या अक्षरात सगळी कृती लिहिलेली. चेरी किती, साखर किती, उकळी किती मिनिटं.

एकेहार्टनं कृती नीट वाचली. पुढून वाचली, मागं काही आहे का तेही बघितलं. "कृती निर्मळ आहे," तो म्हणाला. "पण बरणीतला जॅम ह्याच कृतीचा आहे, हे कशावरून?"

आणि त्यानं चमचा तिच्या हातात दिला.

तिनं एक चमचा खाल्ला. एकेहार्टनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि दहा मिनिटं तिच्याकडे बघत बसला. गेरलिंडेला जराही राग आला नाही. ती स्वतः असती तर वीस मिनिटं थांबली असती.